सामाईक जागेचा हिशेब

आमच्या कार्यालयातील साठवणीचा कारभार यंदा मी एका तरुण सहकाऱ्याच्या स्वाधीन केला, आणि त्याने विचारलेला पहिलाच प्रश्न नेमका गेली कित्येक वर्षे माझे मन कुरतडत आलेला निघाला: “सर, मंगळवारचा स्नॅपशॉट काढला तर जागा किती सुटेल?” प्रश्न साधा आहे, पण झेडएफएस या फाइल प्रणालीवर हयात घालवलेल्यालाही त्याचे उत्तर यादीतल्या आकड्यांवर नुसती नजर टाकून देता येत नाही.

कारण स्नॅपशॉटपुढे ‘यूज्ड’ म्हणून जो आकडा दिसतो, तो केवळ त्या एकट्याच्या ताब्यातील ब्लॉकांचा असतो. दोघांनी मिळून धरून ठेवलेला ब्लॉक दोघांपैकी कुणाच्याच नावे पडत नाही. समजा, ४० जीबींची एक फाइल फक्त मंगळवार आणि बुधवारच्या स्नॅपशॉटांत आहे आणि गुरुवारी सकाळी ती कुणी पुसली. यादीत दोहोंपुढे काही केबींची क्षुल्लक रक्कम दिसेल, आणि ‘यूज्डबायस्नॅपशॉट्स’ या एकत्रित रकान्यात मात्र ४० जीबी. मंगळवारचा काढावा, तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही, आणि इतका वेळ निर्धन भासणारा बुधवार त्याच क्षणी ४० जीबींचा धनी होऊन बसतो. सामाईक विहिरीवरील एका भावाने हक्क सोडल्याने विहीर मोकळी होत नाही. शेवटचा हक्कदार उठेल तेव्हाच ती मोकळी होते.

पुढील वर्षाची तरतूद किती करावी, हे याच प्रश्नाचे दुसरे अंग. सरसकट २० टक्के राखून ठेवा, असे सांगणाऱ्या मंडळींविषयी मला आदर नाही. कारण स्नॅपशॉटांना लागणारी जागा माहिती किती आहे यावर नव्हे, तर किती मोडली-पुसली जाते यावर ठरते. स्कॅन केलेल्या कागदपत्रांचा संग्रह रोज वाढत राहिला, तरी त्याचे वर्षभराचे स्नॅपशॉट जवळजवळ फुकट पडतात; उलट रेकॉर्डसाइझ मूळच्या १२८ केबींवरच सोडलेली असेल, तर मायएसक्यूएलचे १६ केबींचे एक पान बदलताच जुना रेकॉर्ड अख्खाच्या अख्खा स्नॅपशॉटच्या खात्यावर चढतो. आणि दोन स्नॅपशॉटांच्या दरम्यान जन्मून नाहीशी झालेली तात्पुरती फाइल कितीही मोठी असली, तरी तिचा मागमूस उरत नाही. म्हणूनच तासातासाचे स्नॅपशॉट रात्रीच्या एकाच स्नॅपशॉटपेक्षा अधिक केरकचरा गोळा करतात.

सन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू ॲरन्स यांनी घडवलेल्या आणि २००५ साली खुल्या झालेल्या या प्रणालीने स्नॅपशॉट घेणे क्षणाचे काम केले. परंतु घेताना काही मोजावे लागत नाही आणि वसुली मागाहून होते, या सुखसोयीनेच आमच्या व्यवसायातील हिशेबाची शिस्त ढिली केली, असे माझे ठाम मत आहे. भाड्याची साठवण आल्यापासून तर जागा संपली की आणखी मागवावी, हीच वहिवाट पडली आहे.

माझा अंदाज खरा ठरे तेव्हाचा आनंद निव्वळ कर्तव्यपूर्तीचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. बैठकीत सारे अडले असता आकडा माझ्याकडे मागितला जावा आणि मी कागद न उलगडता तो सांगावा, याची मला चटक लागली होती. दोन स्नॅपशॉटांच्या दरम्यान जितके लिहिले गेले त्या ‘रिटन’च्या आकड्यातून ‘रेफरन्स्ड’मधील वाढ वजा केली, की जुने किती मोडले ते उरते; ही एवढीशी वजाबाकी मी वर्षानुवर्षे स्वतःजवळ ठेवली, कारण ती सर्वांना कळती तर माझी मातब्बरी उरती ना.

आता ती त्या सहकाऱ्याच्या वहीत आहे. समव्यवसायी बंधुभगिनींना माझे आग्रहाचे सांगणे एवढेच, की सलग स्नॅपशॉट काढण्यापूर्वी, काहीही न पुसता केवळ सुटणारी जागा सांगणारी ‘झेडएफएस डिस्ट्रॉय’ची तालीम आधी चालवून पाहावी, त्या साऱ्यांचे एकत्रित उत्तर तीच देते, ‘यूज्ड’च्या रकान्याची बेरीज देत नाही.