बिनशक्तीचा सुपरहिरो

परवा शाळेला सुट्टी होती म्हणून नातू दिवसभर आमच्याकडे होता. माझी जुनी चादर खांद्यावर बांधून घरभर धावत होता. मध्येच थांबून म्हणाला, "आजी, बॅटमॅनकडे कसलीच शक्ती नसते. तो साधा माणूसच असतो. असा कुणी खरंच आपल्या सोसायटीत आला तर लोक काय करतील?"

मी म्हटलं, "हसतील. आणि वॉचमन वहीत त्याचं नाव लिहून घेईल."

तो खूप हसला. मला मात्र उत्तर पटेना. जन्मभर मुलांची उत्तरं तपासली, आता स्वतःचंही तपासायला हवं!

कारण असे लोक खरोखर होऊन गेले आहेत. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये फिनिक्स जोन्स नावाने एक तरुण काळापिवळा पोशाख आणि मुखवटा घालून रात्री गस्त घालायचा. ऑक्टोबर २०११ मध्ये रस्त्यावर मारामारी चालली आहे असं समजून त्याने काही जणांवर मिरपुडीचा फवारा मारला. त्या लोकांना तो तारणहार वाटला नाहीच, उलट त्यातली एक बाई त्याच्यावरच धावून गेली. पोलिसांनी त्यालाच पकडलं. पुढे खटला भरला गेला नाही, पण मुखवट्यातला माणूस रात्री अचानक अंगावर आला तर तुम्हीआम्ही तरी दुसरं काय समजणार?

दुसरी गोष्ट मेक्सिको सिटीची. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाने तिथे हजारो माणसं मेली आणि असंख्य लोक बेघर झाले. पुढे भाडेकरूंना घराबाहेर काढायचे प्रकार चालूच राहिले. १९८७ मध्ये लाल-पिवळा मुखवटा आणि पिवळा झगा घातलेला एक माणूस अशा घरांच्या दारात येऊन उभा राहू लागला. त्याचं नाव सुपरबारिओ. बारिओ म्हणजे वस्ती. ना उडता येत होतं, ना हातात शस्त्र. पण त्याच्याभोवती भाडेकरूंच्या संघटनेची माणसं जमत, आणि मग सामान बाहेर काढणं अवघड होऊन बसे.

त्याला लोक हसले नसतील का? हसलेच असतील. पण तिथे मुखवट्याचे कुस्तीगीर घरोघरी लाडके. 'एल सांतो' या त्यांच्या मल्लाला तर १९८४ मध्ये मुखवट्यासकट पुरलं. त्यामुळे तो वेष कुणाला परका वाटला नाही. आपल्याकडे नाही का, पोलिसाच्या वेषातला बहुरूपी दारात येऊन खोटं वॉरंट वाचायचा! आम्ही पोरं आधी दचकायचो, मग हसायचो, आणि मग त्याच्या मागे अख्खी आळी फिरायचो.

हे आठवलं आणि त्याबरोबर नको ते एक आठवलं.

१९८१ साल. आम्ही पेठेतल्या वाड्यात राहायचो. एका सकाळी समोरच्या खोलीतल्या विधवा काकूंचं सामान रस्त्यावर निघालं. आधी स्टोव्ह, मग शिवणाचं मशीन, मग देव्हारा. वाड्यात चौदा बिऱ्हाडं. प्रत्येक खिडकीत माणूस होतं, पण खाली कुणीच उतरलं नाही. मीही वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून खिडकीतच उभी राहिले. नागरिकशास्त्र शिकवायचे मी! काकूंनी एकदा वर बघितलं. कुणाकडे बघितलं, ते मी आजवर स्वतःला विचारलेलं नाही.

आता वाटतं, त्या सकाळी कुणी रंगीत झगा घालून आला असता तर मीसुद्धा हसले असते. पण गंमत बघायला म्हणून का होईना, जिना उतरले असते. चौदा बिऱ्हाडं अंगणात आली असती. मग तिथून तसंच परत वर जाणं जड गेलं असतं.

सिॲटलचा तरुण लोकांसाठी लढायला निघाला होता, मेक्सिकोचा लोकांना गोळा करायला. शक्ती दोघांकडेही नव्हती. दुसऱ्याकडे ती खाली उतरलेल्या माणसांची आली.

असो. संध्याकाळी नातवाच्या चादरीला नाडी शिवून दिली. म्हटलं, "आजी चुकली रे. लोक हसतील, पण हसू देत. तू फक्त एकटा जाऊ नकोस. आधी सगळ्यांना खाली बोलाव."

"तू येशील?" त्याने विचारलं.

गुडघे दुखतात हल्ली. तरी "येईन" म्हणाले.