सांधा दिसलाच पाहिजे, असं मी म्हणायचो

स्टॉप मोशनच्या सिनेमात माणसाच्या हाताची खूण दिसली पाहिजे, नाहीतर त्याला स्टॉप मोशन म्हणू नये, हे माझं मत कितीतरी वर्षं पक्कं होतं. आमच्या फिल्म सोसायटीत मी ते वारंवार मांडलं, त्यावर लिहिलं, तरुण मंडळींशी त्यावरून कडाकडा भांडलो. ‘कोरालाइन’ दाखवला त्या संध्याकाळच्या चर्चेत तर मी सरळ म्हणालो होतो की हा प्रिंटरनं केलेला सिनेमा आहे. आज मी तसं म्हणणार नाही. ज्यांनी तेव्हा माझं ऐकून मान डोलावली आणि ज्यांनी वाद घातला, त्या दोघांनाही हे मत का पालटलं ते कळावं, म्हणून हे लिहितोय.

जुनं मत काही हवेतून आलेलं नव्हतं. 1933च्या ‘किंग काँग’साठी विलिस ओब्रायन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धातूच्या सांगाड्यावर रबर आणि वर सशाची फर चढवून काँग उभा केला. दर फ्रेमला त्याला हात लावून तसूभर हलवायचं, आणि हात लागला की फर विस्कटायची. त्यामुळे पडद्यावर काँगचे केस सारखे थरथरताना दिसतात. ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओतल्या निक पार्कच्या वॉलेस आणि ग्रोमिटच्या अंगावर, प्लॅस्टिसिनमध्ये दाबले गेलेले बोटांचे ठसे तर साध्या डोळ्यांना दिसतात. मला वाटायचं, हीच या माध्यमाची सही. हलणारी बाहुली बघता बघता तिला हलवणाराही दिसतो, यापेक्षा मोठा आनंद कुठला? सफाई आली की हा आनंद जातो, असा माझा हिशेब होता.

त्या हिशेबात लायका स्टुडिओ बसत नव्हता. अमेरिकेत ओरेगनमध्ये हेन्री सेलिकच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी ‘कोरालाइन’ केला, तो 2009मध्ये आला. त्यात बाहुल्यांचे चेहरे थ्रीडी प्रिंटरवर छापलेले होते. आधी मातीत डोकं घडवायचं, ते संगणकात घ्यायचं, तिथे ओठ, गाल आणि भुवयांच्या हालचाली ठरवायच्या, आणि प्रत्येक हालचालीचा एकेक टप्पा घन रूपात छापून काढायचा. मग ते मुखवटे घासायचे, हातानं रंगवायचे, नंबर घालून खोक्यात लावून ठेवायचे. चित्रीकरणाच्या वेळी तक्त्यात त्या फ्रेमपुढे जो नंबर असेल तो मुखवटा उचलायचा आणि डोक्याच्या आतल्या चुंबकावर बसवायचा. चेहऱ्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग वेगळे असल्यामुळे कोरालाइनसाठी दोन लाखांहून जास्त वेगवेगळे भाव जुळवता येत होते. या दोन भागांमधला सांधा डोळ्यांच्या रेषेत आडवा जायचा. तो सांधा सिनेमाभर, फ्रेममागून फ्रेम, संगणकावर पुसून टाकला.

मला खटकायचं ते हे पुसणं. चेहरा संगणकात आधीच ठरलेला, सांधा संगणकात नंतर पुसलेला. मग मधल्या माणसानं केलं काय? 2015मध्ये चार्ली कॉफमन आणि ड्यूक जॉन्सन यांचा ‘अनोमलिसा’ आला. त्यातही छापलेलेच चेहरे, पण सांधे मुद्दाम दिसू दिलेले. बघा, हे प्रामाणिक लोक, असं मी तेव्हा म्हणत फिरलो.

हे सगळं मी प्रेक्षकाच्या खुर्चीत बसून म्हणत होतो. बाहुलीवर काम चाललेलं मी कधी शेजारी उभं राहून पाहिलेलं नव्हतं.

माझी भाची ॲनिमेशन शिकली आणि आता दोन मैत्रिणींबरोबर स्वतःची छोटी फिल्म करते आहे. गच्चीवरच्या खोलीत त्यांनी सेट लावलाय. खिडक्यांना काळा कागद, अंगात काळे टी-शर्ट. पांढरा कपडा घातला की त्याच्यावरून उलटलेला उजेड दर फ्रेमला थोडा वेगळा पडतो आणि पडद्यावर चित्र लुकलुकतं. विजेचा दाब खालीवर झाला तरी तेच. टेबलाच्या प्लायला जागोजागी भोकं. बाहुलीच्या तळपायात नट बसवलेला, टेबलाच्या खालून स्क्रू घालून पाय जागेवर आवळायचा, पुढच्या पावलाला तो सोडून दुसऱ्या भोकात आवळायचा. बाहुलीची हाडं म्हणजे पीळ दिलेली ॲल्युमिनियमची तार, जिथे वाकायला नको तिथे एम-सीलचा लेप, वर फोम आणि कापड. डोळ्याच्या बुबुळात सुईच्या टोकाएवढं छिद्र, त्यात टाचणी घालून नजर फिरवायची.

मी गेलो त्या दिवशी जमिनीवर बसलेली एक म्हातारी उठून उभी राहते एवढाच शॉट होता. त्यासाठी भाचीनं तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, उठतानाचा व्हिडिओ फोनवर घेऊन ठेवला होता. आई आधी डावा तळवा जमिनीवर टेकते, मग उजवा गुडघा उभा करते, त्यावर हात ठेवते आणि कंबर उचलते. डोकं सगळ्यात शेवटी वर येतं. इतकी वर्षं रोज बघतो, पण हा क्रम माझ्या लक्षात आला नव्हता. भाचीला तो पाठ होता. सेकंदाला 24 फ्रेम, एक पोझ दोन फ्रेम टिकते, म्हणजे सेकंदाला बारा पोझ. प्रत्येक वेळी ती बाहुलीला स्पर्श करायची, मागे व्हायची, पडद्यावर आधीच्या फ्रेमची सावली आणि आत्ताची फ्रेम एकावर एक ठेवून बघायची, मग बटण दाबायची.

“मामा, टेबलाला टेकू नकोस,” एवढंच ती मला दुपारभरात म्हणाली असेल.

कंबर अर्धी उचलली गेली आणि बाहुलीच्या गुडघ्यातली तार तुटली. पुन्हा पुन्हा वाकवून ॲल्युमिनियम आतून थकतं, मग एका क्षणी जातं. मला वाटलं, संपलं, आता पहिल्यापासून. आधीच्या पोझला परत जाता येत नाही. बाहुली तंतोतंत त्याच जागी, त्याच कोनात कुणालाच परत ठेवता येत नाही. मागे जायचं म्हणजे अगदी सुरुवातीला जायचं. भाची काही वेळ नुसती बघत उभी राहिली. मग तिनं सांध्यासांध्यात वळणारा एक लोखंडी दांडा आणला, म्हातारीच्या कमरेत मागून अडकवला आणि तिला त्या अर्ध्या उठलेल्या अवस्थेत तोलून धरलं. आणि तिथून पुढे म्हातारीला लगेच उठवलं नाही. तिला थांबवलं. अगदी निश्चल थांबवली तर बाहुली पडद्यावर मरते, म्हणून खांदे केसभर वर, केसभर खाली, पापण्या एकदा मिटून उघडलेल्या. म्हातारी दम खाते आहे. मग गुडघ्यावरच्या हातावर जोर देऊन ती उठते.

संध्याकाळी तिनं शॉट चालवून दाखवला. व्हिडिओत आई थांबलेली नव्हती. पण आई बऱ्याचदा अशीच थांबते, अर्ध्यावर, कुणी हात पुढे केला तर नको म्हणून मान हलवते. पडद्यावर ती माझी आई होती.

तो लोखंडी दांडा मात्र शॉटभर दिसत होता. भाचीनं रिकाम्या सेटचाही फोटो काढून ठेवला होता, त्याच्या आधारानं दांडा आणि त्याची सावली संगणकावर फ्रेममागून फ्रेम पुसायची होती. मी माझ्या सवयीनं म्हणालो, राहू दे की, हाताची खूण आहे.

“पुसणारच,” ती म्हणाली. “लोकांनी आजीकडे बघावं ना मामा, माझ्याकडे कशाला?”

घरी येताना आणि त्यानंतरही हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी ज्याला शुद्धपणा म्हणत होतो, त्याच्या नियमानं दांडा आणि पुसणं दोन्ही वर्ज्य. मग तार तुटली तिथे तो शॉट टाकून द्यावा लागला असता आणि आजीनं घेतलेला तो दम जन्मालाच आला नसता. संगणकानं अभिनय बिघडवला नव्हता, वाचवला होता. आणि तो अभिनय कुठून आला? मागे जाता येत नाही, पुढेच जायचं आहे, हातात आहे ते घेऊन जायचं आहे, या सक्तीतून आला. स्टॉप मोशनचा प्राण मला तिथे दिसला. बोटाचा ठसा ही त्या कामाची एक खूण असू शकते, पण ठसा आहे म्हणून काम त्या जातीचं ठरत नाही. नाहीतरी 2014च्या ‘द लेगो मूव्ही’नं जवळजवळ सगळा सिनेमा संगणकावर करून प्लॅस्टिकवर ओरखडे आणि बोटांचे ठसेसुद्धा चढवून दाखवले होतेच. ठसा काढता येतो.

मग जुने सिनेमे पुन्हा लावले, या वेळी वेगळ्या नजरेनं. ज्यांची नावं मी दाखल्यासारखी घ्यायचो त्यांच्यातले बहुतेक जण आयुष्यभर सांधे लपवत होते. लाडिस्लास स्तारेविचला 1910च्या सुमारास लिथुएनियात बीटल किड्यांची झुंज चित्रित करायची होती. दिव्याखाली किडे हालेनात, तेव्हा मेलेल्या किड्यांना मेणानं तारेचे पाय लावून त्यानं ती झुंज घडवली, आणि ती खरी वाटावी हीच त्याची धडपड होती. रे हॅरीहाउझेननं ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मध्ये (1963) सात सांगाड्यांची तीन माणसांशी तलवारबाजी घडवली. या एका प्रसंगाला साडेचार महिने लागले. माणसांचं चित्रण आधीच झालेलं, ते पडद्यामागून फ्रेमफ्रेमनं टाकायचं आणि समोर सांगाडे हलवायचे. सात जणांचे हातपाय, प्रत्येक अवयव कुठून निघालाय आणि कुठे चाललाय हे एकट्यानं डोक्यात ठेवायचं. आज पाहताना मला त्या प्रसंगात हॅरीहाउझेन दिसला नाही, तलवार उगारलेला सांगाडा दिसला. 1981च्या ‘ड्रॅगनस्लेयर’मध्ये फिल टिपेट आणि सहकाऱ्यांनी तर ड्रॅगनला मोटारी जोडल्या. शटर उघडं असतानाच तो किंचित हलायचा, त्यामुळे हालचालीतला नैसर्गिक धूसरपणा आला. तंत्राला कुणीच सोवळ्यात ठेवलेलं नव्हतं. ते सोवळं माझं होतं.

बदलते चेहरेही काही लायकानं शोधून काढलेले नाहीत. सेलिकच्याच ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’मध्ये (1993) जॅकची चारशेच्या आसपास डोकी होती, हातानं केलेली. तिथेही ओठांची प्रत्येक स्थिती आधीच घडवून ठेवलेली होती. आवाज तर नेहमी आधीच मुद्रित होतो. चेहरा ठरलेला असला तरी बाहुली कशी चालते, पाय किती जड पडतो, मान वळवण्याआधी नजर किती वळते, हे टेबलाशी उभा असलेला माणूसच ठरवतो. नव्या घरात कंटाळून दारं-खिडक्या मोजत फिरणारी कोरालाइन पुन्हा पाहिली. चेहऱ्याकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं, नुसते खांदे आणि पाय पाहिले. सगळा कंटाळा तिथे आहे. ग्रोमिटला तोंडच नाही, तो भुवईवर बोलतो. चेक कलावंत यिरझी त्रन्का याच्या ‘द हँड’मधल्या (1965) कुंभाराचा चेहरा बदलत नाही, प्रकाश आणि कोन बदलला की तो घाबरलेला दिसतो. हीच उदाहरणं मी लायकाच्या विरोधात वापरायचो. खरं तर ती सांगतात की अभिनय पोझमध्ये आणि वेळेत असतो, चेहरा मातीचा आहे की छापलेला याला फारसं महत्त्व नाही. आणि ठशांचं माहेरघर असलेल्या आर्डमननंही 2012च्या ‘द पायरेट्स’साठी तोंडं प्रिंटरवरच छापली होती.

गियेर्मो देल तोरो आणि मार्क गुस्ताफसन यांचा ‘पिनोकियो’ (2022) बघून तर हे आणखी पटलं. बाकीच्या प्रमुख बाहुल्यांना सिलिकॉनच्या कातडीखाली बारीक यंत्रणा, आणि पिनोकियोला छापलेले कडक चेहरे, कारण तो लाकडाचा. कुणाला काय लावायचं हे त्या त्या पात्राकडे बघून ठरवलं. ॲनिमेटरना सांगितलं होतं की पात्रांना अडखळू द्या, गरज नसलेली बारीकशी हालचाल करू द्या. ती अडखळ मातीतल्या ठशापेक्षा कितीतरी कठीण आहे.

ठसे मला अजूनही आवडतात. वेस अँडरसननं ‘फँटास्टिक मिस्टर फॉक्स’मध्ये फर मुद्दाम थरथरू दिली, ती मला फार प्रिय आहे. ‘अनोमलिसा’तले सांधेही हवेतच, कारण ती माणसं खरोखरच आपल्या चेहऱ्यामागे अडकलेली आहेत. तिथे सांधा हा गोष्टीचा भाग आहे. सगळीकडे तो मागायचा मला अधिकार नाही, इतकंच.

तरीही एक रेषा मी सोडलेली नाही, आणि तिच्यावरून भाचीशी वाद चालू आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी दादासाहेब फाळक्यांनी भांडवलदाराला पटवण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम घेत चित्रित केली होती. पुढे 1915मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला, त्यात काड्या हलत होत्या. दोन्हीकडे कॅमेरा थांबत थांबतच चालला. पण दोन फ्रेमच्या मध्ये वाटाणा आपोआप वाढत होता आणि काडी कुणीतरी हलवत होतं. आता अशी सॉफ्टवेअर आली आहेत की दोन पोझ द्या, मधल्या फ्रेम ती स्वतः भरतात. दांडा पुसा, सांधा पुसा, चेहरा छापा, माझी हरकत नाही. मधली पोझ मात्र कुणीतरी ठरवलेली हवी. आजीचा दम मधल्याच फ्रेममध्ये होता. सॉफ्टवेअरला बसलेली आणि उभी अशा दोन पोझ दिल्या असत्या तर त्यानं तिला न थांबता उठवलं असतं.

भाची म्हणते, आजीच्या शॉटला मी ते कधीच लावणार नाही, पण मागे बाजारातली गर्दी आहे, आणि आम्ही तिघीच आहोत. सुरेश एरियत यांच्या मुंबईच्या स्टुडिओनं ‘टोकरी’त मुंबईचे गजबजलेले रस्ते उभे केले आणि त्या एका लघुपटाला आठेक वर्षं लागली, याची आठवण तीच मला करून देते. एवढी वर्षं आमच्याकडे नाहीत, मामा, म्हणते. तिची अडचण मला कळते. मी तिला म्हटलंय, गर्दीतली माणसं कमी कर, पण आहेत तेवढी स्वतः हलव. ती अजून कबूल झालेली नाही.