जालहळ्ळीचे घड्याळ

बंगळुरूच्या वायव्य भागातील जालहळ्ळी हे नाव अनेक व्यापारी कुटुंबांना अपरिचित असेल. परंतु तेथे जन्मलेल्या घराण्यातील एखादी वस्तू त्यांच्या तिजोरीत आजही असण्याचा संभव आहे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगळुरूत मनगटी घड्याळांचे उत्पादन आरंभिले. पुढे श्रीनगर, तुमकूर व राणीबाग येथेही कारखाने उभे राहिले. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कांचन’ ही घड्याळे विवाहात आणि निवृत्तीच्या निरोपसमारंभात मानाने दिली जात. क्वार्ट्झच्या लाटेत चावीची घड्याळे मागे पडली आणि २०१६ मध्ये सरकारने हा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. आज जालहळ्ळीत एचएमटीचे वारसा संग्रहालय आहे.

संग्रहालयातील घड्याळ काचेआड सुरक्षित असते. घरातल्या चालत्या घड्याळाची गोष्ट निराळी. ‘जनता’मध्ये १७ माणके असतात. ती शोभेची नव्हेत. चाकांच्या अक्षांची झीज रोखण्यासाठी बसविलेली ती कृत्रिम माणके होत. आतील बॅलन्स चक्र सेकंदाला ५, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके घेते. तेल सुकले की धातू धातूवर घासू लागतो. घड्याळ अचूक वेळ दाखवीत असतानाही ही झीज चालू असते. म्हणून नियमित वापरातील घड्याळ साधारण चार-पाच वर्षांनी पूर्ण खोलून, धुऊन, नव्याने तेल देऊन घेणे इष्ट.

नवे भाग आता घडत नाहीत. कारागिराला ते बहुधा बंद पडलेल्या दुसऱ्या घड्याळातून काढावे लागतात. झिजवून मग दुरुस्त करणे म्हणूनच महागात पडते. बाजारात तबकडी नव्याने रंगविलेली, निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडलेली घड्याळेही ‘जुनी, अस्सल’ म्हणून विकली जातात. चकाकीपेक्षा अक्षरांची रेखीवता पाहावी आणि झाकण उघडून आतले यंत्र पाहण्याचा आग्रह धरावा. आजोबांच्या घड्याळाची तबकडी पिवळसर पडली असली, तरी ती रंगवू देऊ नये. एकदा पुसलेली मूळ छपाई परत येत नाही.

रोज ठरावीक वेळी चावी द्यावी आणि ती अडली की थांबावे. पाणी व लोहचुंबक यांपासून घड्याळ दूर ठेवावे. कारखान्यातील यंत्रे थांबली आहेत. तेथून निघालेले घड्याळ आणखी किती वर्षे चालेल, हे आता ज्या घरात ते आहे, त्या घराच्या हाती आहे.