माहुलच्या चिखलातलं रान

निसर्गशिबिर म्हटलं की चेंबूरचे आईबाप मे महिन्यातलं लांबच्या गाडीचं तिकीट बघू लागतात. खरं रान दूरच असणार आणि त्याला माणसाचा हात लागलेला नसणार, हे त्यात धरूनच चाललेलं असतं. शिबिरांचा इतिहास मात्र तसं सांगत नाही. बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट 1907 मध्ये पहिलं स्काउट शिबिर भरवलं ते इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर. त्या बेटावर एकोणिसाव्या शतकात मातीकामाचा कारखाना चालून बंदही पडला होता. तिथलं नवेपण रानात नव्हतं; बड्या शाळांतली मुलं आणि कष्टकऱ्यांची मुलं एकाच गटात राहिली, माग काढायला शिकली, यात होतं. आपल्या बोरिवलीच्या जंगलाचंही तसंच. विहार तलाव 1860 मध्ये झाला, तुळशी 1879 मध्ये. शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी पाणलोट राखावा लागला, त्याच्या आडोशाने झाडी तगली. त्या झाडीत वारल्यांचे पाडे आहेत, आणि कान्हेरीला भिक्खूंनी पावसाचं पाणी साठवायला कातळात खोदलेली टाकी. मिठीकाठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर कचऱ्याच्या भरावावर उभं राहिलं आणि 1994 मध्ये खुलं झालं.

मग चेंबूरच्या मुलाचं पहिलं शिबिर माहुलच्या खाडीवर का नसावं? शाळेला सुट्टी लागते तेव्हा रोहित पक्षी अजून तिथे असतात. पावसाच्या तोंडावर ते निघून जातात. मान खाली, चोच उलटी धरून ते चिखलपाण्यातलं शेवाळ गाळून खातात. यावर कुणी म्हणेल, मागे तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुराडी, हवेला वास, रात्री काळोख म्हणून नाही. हे कसलं रान? काळोखाबद्दलचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ताऱ्यांनी भरलेलं आभाळ माहूल देऊ शकत नाही, त्यासाठी सह्याद्रीत जावंच. हवेची तक्रारही खरीच आहे, आणि ती मुलांपासून लपवू नये. पण धुराडी आणि पक्षी एकाच नजरेत मावतात, ही गोष्ट दूरच्या जंगलात शिकता येत नाही. चिखलात पाय रुततो ही भीतीही रास्त आहे. म्हणून तर शिकवणारा माहूल गावातला कोळी हवा. त्याला तिवरांतल्या वाटा ठाऊक असतात, उधाण आणि भांग तिथीवरून कळतात. शिबिराचं वेळापत्रकही तिथीवरच बांधावं. अमावास्येच्या ओहोटीला चिखल सर्वांत लांबवर उघडा पडतो, अष्टमीच्या भांगाला पाणी जेमतेम हलतं. दोन्ही दिवशी मुलांना त्याच काठावर उभं करायला हवं.