माहेर मुंबई, सासर महाराष्ट्र

लग्न झाले म्हणजे स्त्रीचे आडनाव बदलते, कुलदैवत बदलते, आमटीतल्या गुळाचे प्रमाणदेखील बदलते. या सर्व स्थित्यंतरांविषयी आजवर पुष्कळांनी लिहिले आहे. परंतु लग्नाबरोबर तिने आपला क्रिकेटचा संघही बदलावा की काय, या प्रश्नाचा ऊहापोह कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तो मला एका हिवाळ्यात, वयाची पन्नाशी उलटल्यावर, करावा लागला. त्याची ही हकीकत.

ज्यांना या खेळाची गोडी नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. १९३४ साली सुरू झालेल्या रणजी करंडकाच्या सामन्यांत आपल्या एका राज्याचे तीन संघ उतरतात: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. म्हणजे नाव महाराष्ट्र असले तरी त्यात मुंबई नाही आणि नागपूरही नाही. राहिलेल्या मुलखाचा तो संघ, आणि त्याचे ठाणे पुण्यास. मुंबईने २०१३ पर्यंत हा करंडक चाळीस वेळा जिंकला होता. महाराष्ट्राने दोन वेळा, तेही १९४० आणि १९४१ साली. माझे माहेर दादरचे. चाळीस वेळा जिंकणाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या मुलीला जिंकण्याचे जेवढे कौतुक असावे तेवढेच मला होते, म्हणजे फारसे नव्हते. वडील आणि भाऊ मुंबईच्या विजयाची बातमी वाचीत ती पंचांगातील तिथी वाचावी तशी.

सासर लोणावळ्याचे. रेल्वेने पुणे चौसष्ट किलोमीटर आणि मुंबई बरोबर त्याच्या दुप्पट. गावात दोन्ही शहरांची वर्तमानपत्रे येतात आणि दोन्ही शहरांची माणसे पावसाळ्यात भुशीच्या धरणावर भिजावयास येतात. परंतु आमच्या घराचे तोंड पुण्याकडे होते, आणि त्याचे कारण मामंजी.

मामंजींचा जन्म १९३० चा. महाराष्ट्राने मद्रासेस जाऊन दुसऱ्यांदा करंडक जिंकला तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. संघाचे नायक प्राध्यापक दि. ब. देवधर, वय एकोणपन्नास, आणि व्यवसाय पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविण्याचा. संस्कृतचा प्राध्यापक पन्नाशीच्या उंबरठ्यावर क्रिकेटचा करंडक घेऊन येतो, या गोष्टीने त्या काळी ब्राह्मणांच्या घरांतून खेळाला जी प्रतिष्ठा मिळाली, ती शंभर व्याख्यानांनी मिळाली नसती, असे मामंजी म्हणत. पुढे ते कॉलेजसाठी पुण्यास राहिले. १९४८ च्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडाविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या, तेव्हा मामंजी कुंपणापाशी उभे होते. ब्रॅडमनच्या ४५२ या जागतिक विक्रमाची बरोबरी करण्यास नऊ धावा उरल्या असता विश्रांतीची वेळ झाली आणि काठेवाडच्या संघाने सामना सोडून दिला. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक वाक्प्रचार रूढ झाला. पुरण थोडक्यासाठी कमी पडले, मुलाची पहिली श्रेणी दोन गुणांनी हुकली, गाडी डोळ्यांदेखत सुटली, की मामंजी म्हणत, "नऊ धावा राहिल्या." नवी सून म्हणून आले तेव्हा मला त्याचा अर्थ कळेना, आणि विचारण्याची छाती नव्हती. मामंजी हायस्कुलात गणित शिकवीत, बोलणे मोजके. त्यांच्यासमोर चहाचा पेला ठेवणे आणि "औषध घेतलेत का?" असे विचारणे, एवढाच आमचा तीस वर्षांचा संवाद. वही मात्र मी पाहिलेली होती. रेघा आखलेल्या लांबट वहीत ते महाराष्ट्राच्या प्रत्येक सामन्याचे आकडे वर्तमानपत्रांतून उतरून ठेवीत. १९७१ साली मुंबईशी अंतिम सामना अठ्ठेचाळीस धावांनी गेला, १९९३ साली पंजाबशी गेला, हे सारे त्यांच्या बारीक, उभ्या अक्षरांत तेथे होते.

२०११ साली सासूबाई गेल्या, आणि पाठोपाठ काचबिंदूने मामंजींची दृष्टी मंदावली. घर भरलेले होते: यजमान, भावजी, जाऊबाई, मुले. परंतु भरल्या घरातही एखादे माणूस रिकाम्या खोलीत बसल्यासारखे दिसू लागते. वही कपाटात गेली.

पुढल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर भावजींनी सुचविले की मामंजींना गहुंज्यास न्यावे. गहुंजे आमच्याच मावळ तालुक्यातले, पवनेकाठचे खेडे. तेथे द्रुतगती मार्गालगत महाराष्ट्र संघाचे नवे मैदान २०१२ च्या एप्रिलात समारंभपूर्वक खुले झाले होते. पुरुष मंडळी कामावर, म्हणून सोबतीस मी. उत्तर प्रदेशाशी सामना चालू होता. सदतीस हजार माणसे बसतील अशा त्या प्रचंड मैदानात प्रेक्षक इतके थोडे, की चेंडू फळीवर आदळल्याचा आवाज समोरच्या सज्जावरून परत येई. मामंजींना चेंडू दिसत नव्हता. ते आवाज ऐकत आणि मला विचारीत, "कोठे गेला?" मला जागांची नावे ठाऊक नव्हती. मी म्हणे, "डोंगराकडे." "अं, घोरवडेश्वराकडे का?" असे म्हणून ते मनात नकाशा मांडीत. त्या सामन्यात केदार जाधव या पुण्याच्या फलंदाजाने ३२७ धावा केल्या. त्यांतील ज्या थोड्या आम्ही ऐकल्या त्यांवर मामंजी आठवडाभर बोलत होते, आणि माझ्याशी बोलत होते. त्याच वर्षी डिसेंबरात निंबाळकर निवर्तले. मामंजींनी कपाटातली वही काढवली, ती बातमी माझ्याकडून तिच्यात लिहवून घेतली, आणि म्हणाले, "पुढल्या मोसमापासून तू लिही."

अशा रीतीने २०१३-१४ चा मोसम मी लिहिला. जाऊबाईंच्या धाकट्याने मोबाइलवर प्रत्येक चेंडूचे वृत्त कसे पाहावे ते दाखविले, आणि मामंजींनी ते वहीत कसे उतरावे ते शिकविले. निर्धाव चेंडूस ठिपका. सबंध षटक निर्धाव गेले तर सहा ठिपके जोडून एम् हे इंग्रजी अक्षर. स्वयंपाक आटोपून दुपारी मी त्यांच्या खोलीत बसे. ते डोळे मिटून ऐकत, आणि माझ्या आधी बेरीज सांगत. महाराष्ट्र तेव्हा तिसऱ्या गटात होता, म्हणजे दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघांत: आंध्र, आसाम, गोवा, हिमाचल, हैदराबाद, जम्मू-काश्मीर, केरळ, त्रिपुरा. वर्तमानपत्रांना त्यांचे सोयरसुतक नव्हते. नोव्हेंबरात तर सारा देश सचिन तेंडुलकरच्या निरोपात मग्न होता. आमच्या खोलीत मात्र केदार जाधवच्या शतकांमागून शतके लिहिली जात होती. महाराष्ट्र गटात पहिला आला, आणि उपांत्यपूर्व फेरीचा कागद निघाला: मुंबईविरुद्ध, मुंबईस, वानखेडे मैदानावर.

त्या रात्री भावाचा दादरहून फोन आला. "काय गं, आता कोणाकडून?" तो हसत होता. मी उत्तर दिले नाही. विनोदाची गोष्ट खरी. तथापि मला रात्री झोप येईना. मुंबई म्हणजे माझे वडील, गॅलरीतला त्यांचा रेडिओ, शिवाजी पार्कचा कट्टा. ते हयात नव्हते. त्यांचा संघ हरावा अशी इच्छा मनात धरणे म्हणजे त्यांच्या पाठीमागे त्यांच्याविरुद्ध मत देणे, असे काहीसे मला वाटत होते. आणि पलीकडच्या खोलीत त्र्याऐंशी वर्षांचे मामंजी, ज्यांनी तिसऱ्या करंडकाची वाट बहात्तर वर्षे पाहिली होती.

सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा तेच म्हणाले, "आजपासून चार-पाच दिवस तू लिहू नकोस. धाकट्यास सांगतो. माहेरच्या माणसांचे गडी बाद झालेले तुझ्या हाताने लिहावयाचे, हे बरे नव्हे." तीस वर्षांत माझ्या माहेराविषयी त्यांनी काढलेले हे पहिलेच उद्गार होते. मी म्हटले, "दोन्ही डाव मीच लिहीन. कोणाचाही एक ठिपकासुद्धा गाळणार नाही." ते काही बोलले नाहीत, हाताने चाचपून वही माझ्यापुढे सरकविली.

मुंबईने पहिल्या डावात ४०२ केल्या, महाराष्ट्राने २८०. बादफेरीतील सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर निकाल ठरतो. तेव्हा एकशेबावीस धावा मागे पडलेल्या संघाने आशा सोडावी, अशीच ती स्थिती. मामंजी म्हणाले, "नऊ नव्हे, पुष्कळच राहिल्या." परंतु दुसऱ्या डावात मुंबई १२९ धावांत आटोपली. एकेक गडी मी लिहीत होते आणि माझा हात कापत होता. आनंदाने की दुःखाने, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असावीत. २५२ धावा हव्या होत्या. केदार जाधव नाबाद १२०, जालन्याचा एकोणीस वर्षांचा विजय झोल नाबाद ९१, आणि महाराष्ट्र आठ गडी राखून जिंकला.

घरात मुलांनी आरडाओरडा केला. मामंजी स्वस्थ बसून होते. थोड्या वेळाने म्हणाले, "आज भावाला फोन करू नकोस. संक्रांतीला कर." संक्रांतीला मी फोन केला. तिळगुळाचे बोलणे झाल्यावर भाऊ म्हणाला, "तुझ्या मामंजींना माझे अभिनंदन सांग, ते कोणाला चिडवीत नाहीत ना, म्हणून." हा निरोप मी दिला तेव्हा मामंजींना इतका संतोष झाला, की तो त्यांनी वहीत समासात लिहविला. शेजारी देवधरांचे नाव घालावयास सांगितले, कारण त्यांचा जन्मदिवसही १४ जानेवारीचाच, १८९२ सालचा.

उपांत्य सामन्यात इंदुरास बंगाल दहा गडी राखून हरला. आता अंतिम सामना, कर्नाटकाशी, हैदराबादेस. पहिल्या डावात महाराष्ट्राच्या ३०५, कर्नाटकाच्या ५१५. दुसऱ्या डावात आमच्यांनी नेट धरून ३६६ केल्या, तरी कर्नाटकास केवळ १५७ हव्या होत्या. २ फेब्रुवारीला, पाचव्या दिवशी, निकाल कोणालाही दिसत होता. यजमान म्हणाले, "आता कशाला लिहितेस? बाबांना त्रास होईल." मामंजींनी ते ऐकले. म्हणाले, "लिही. वही अर्धवट ठेवायची नाही. अर्ध्यात उठून जाणारे मी एकदा पाहिले आहेत."

पासष्ट वर्षे ती गोष्ट सांगताना त्यांनी काठेवाडच्या संघास कधी नावे ठेवली नव्हती. एवढेच एक वाक्य ते बोलले. मी शेवटच्या चेंडूपर्यंत लिहिले: कर्नाटक तीन बाद १५७, सात गडी राखून विजयी. त्या मोसमात केदार जाधवच्या १२२३ धावा झाल्या, सहा शतकांसह. देशात त्या वर्षी इतक्या कोणाच्याच नव्हत्या. ती बेरीज मामंजींनी तोंडी केली, आणि माझ्या बेरजेशी जुळते की नाही ते पाहिले. जुळली.

मामंजी २०१५ च्या श्रावणात गेले. तिसरा करंडक त्यांनी पाहिला नाही. परंतु त्या हिवाळ्यानंतरची दीड वर्षे आम्ही दोघे पुष्कळ बोललो: सासूबाईंविषयी, माझ्या वडिलांविषयी, मावळातील जुन्या पावसाविषयी. तीस वर्षांत जे साधले नाही ते एका हरलेल्या मोसमाने साधले. यावरून क्रिकेट हे कौटुंबिक सौख्याचे साधन आहे असा सिद्धांत मी मांडणार नाही. क्रिकेटपायी स्वयंपाक करपलेली घरेही मला माहीत आहेत. मला इतकेच दिसते, की वृद्ध माणसाच्या खोलीत जाण्यास तरुणांना काही निमित्त लागते. औषधाची वेळ हे निमित्त फार तोकडे आहे. त्यांच्या आवडीची एखादी गोष्ट, ती आपल्याला न कळणारी असली तरी, शिकून घेतली तर दार उघडते. आणि शिकणाऱ्यापेक्षा शिकविणाऱ्याला त्याची गरज अधिक असते.

वही आता माझ्याकडे आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध तिसऱ्या जोडीसाठी ५९४ धावांची अभंग भागी केली, ती मी लिहिली. सामना झाला मात्र माझ्या माहेरी, वानखेडेवर. १५ जानेवारी २०१७ रोजी गहुंज्यास भारत आणि इंग्लंड यांचा सामना झाला, तेव्हा भाऊ दादरहून आला आणि आम्ही सारे गेलो. चौघे बाद त्रेसष्ट अशी अवस्था असता केदार जाधव खेळावयास आला आणि त्याने शहात्तर चेंडूंत १२० धावा केल्या. मैदान माणसांनी फुलले होते. चेंडूचा आवाज मुळीच ऐकू येत नव्हता. त्या दिवशी माहेर आणि सासर एकाच बाजूस होते, म्हणून प्रश्नच उद्भवला नाही. परतताना भावाने मात्र तो काढलाच: "आता तरी सांग, तुझा संघ कोणता?"

मी त्याला वही दाखविली. मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या त्या सामन्याचे पान काढून दिले. त्याने दोन्ही डाव बोटाने तपासले, बेरजा करून पाहिल्या, आणि "बरोबर आहे" म्हणून वही मिटली.