दुखऱ्या पोटऱ्यांचे यंत्र

ज्या घरात नाच शिकणारी मुलगी आहे, त्या घरात पोटऱ्यांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. भरतनाट्यम् पाहणाऱ्यांची दृष्टी नर्तकीच्या डोळ्यांवर आणि बोटांवर खिळते. घरच्या माणसांना मात्र तिचे पाय दिसतात. गुडघे बाजूंना वळवून अर्धे बसायचे, त्या 'अरैमंडी'त बराच वेळ राहायचे आणि गुरूच्या तट्टुकळीच्या ठोक्याबरोबर अनवाणी तळवा जमिनीवर आपटायचा, हा या कलेचा पाया. तंजावुरास ती काही परकी नव्हे. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चौघा भावांनी तिच्या कार्यक्रमाला घाट दिला, तो येथील मराठी दरबाराच्या आश्रयाने; आणि दुसऱ्या सरफोजी राजांनी तर नाचासाठी मराठीत निरूपणे रचली. आमची नात अरंगेट्रमची तयारी करू लागली तेव्हा आम्हांस धन्यता वाटली, आणि घरात तिळाच्या तेलाचा खप वाढला.

तेल हे इकडचे जुने औषध. पुरुषांनी शनिवारी आणि बायकांनी शुक्रवारी अंगाला 'नल्लेण्णै' चोळून ऊन पाण्याने न्हावे, ही तमिळ चाल आमच्या घराने केव्हाच आपली केली आहे. तेलाने घडा, कातडे आणि गाडीचा आस जसे टिकाऊ होतात, तसे शरीर अभ्यंगाने होते, असे चरकाने म्हटले आहे. पण तेलाला हात लागतात. नातीच्या पोटऱ्या रोज रात्री चोळणारे हात आमच्या सौभाग्यवतींचे, आणि ते आता सत्तरी ओलांडलेले. म्हणून चिरंजीवांनी सुचविले, की एक उत्तमपैकी 'मसाज गन' घ्यावी. 'गन' हा शब्द ऐकून आम्ही दचकलो नाही. ज्या गावाच्या बुरुजावर नायकांच्या काळची घडीव लोखंडाची राजगोपाल तोफ अजून विसावली आहे, त्या गावाला बंदुकीचे काय नवल!

या यंत्राची कुळकथा मनोरंजक आहे. मॉर्टिमर ग्रॅनव्हिल नावाच्या इंग्रज वैद्याने 1880 नंतरच्या दशकात विजेवर चालणारे ठोके देणारे यंत्र प्रचारात आणले होते. आजच्या यंत्राचा उगम मात्र अमेरिकेत, जेसन वर्सलँड यांच्या 2007 सालच्या मोटारसायकल-अपघातात आहे. मणक्यांवर हातांनी उपचार करणे हा त्यांचा व्यवसाय; पण स्वतःच्या दुखण्याला दुसऱ्याचा हात हवा तेव्हा मिळेना, म्हणून त्यांनी यंत्र जुळविले. त्यातून पुढे 'थेरागन' निघाली.

निवड करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की किमतीचा फरक मुख्यतः तीन गोष्टींत आहे. पहिली, डोके पुढेमागे किती सरकते ती. हलक्या यंत्रात ते थोडेच सरकते आणि कातडी नुसती थरथरते. वरच्या प्रतीच्या थेरागनमध्ये ही चाल 16 मिलिमीटर असते. दुसरी, दाब दिल्यावर ते चालत राहते की गुदमरून थांबते. आणि तिसरी, आवाज. मिनिटाला दोन हजारांच्या आसपास ठोके पडतात, हा आकडा जाहिरातीत ठळक असतो. परंतु त्याचे महत्त्व या तिहींच्या मानाने कमी. चौथी गोष्ट जाहिरातीत सहसा नसते, ती आमची आम्ही जोडली: किलोभर वजनाचे ते यंत्र धरणाऱ्याचे मनगट किती वयाचे आहे?

त्याचा उपयोग किती, हाही प्रश्न होताच. आदल्या दिवशीच्या श्रमाने स्नायू दुखतात त्याचा दोष लोक लॅक्टिक आम्लाला देतात. ते तर तास-दोन तासांत निवळलेले असते. दुखणे असते ते तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे, आणि ते दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते. ऑस्ट्रियातील ग्राट्स विद्यापीठात 2020 साली सोळा पुरुषांच्या पोटऱ्यांवर पाच मिनिटे हे यंत्र चालविले, तेव्हा घोटा अधिक वाकू लागला आणि स्नायूचे बळ घटले नाही. म्हणजे यंत्र सैलपणा देते. इजा भरून काढते ती झोप, अन्न आणि विश्रांती. अतिरेकाने अपायही होतो. यंत्राच्या माऱ्याने स्नायूंचे तंतू फुटून रुग्णालय गाठावे लागल्याचे उदाहरण वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेले आहे.

यंत्र ठरले, आता मागवायचे एवढेच उरले होते. त्याच रात्री तेल लावताना सौभाग्यवतींचा अंगठा नातीच्या नडगीवर एका जागी थबकला. तेथे बोट ठेवताच मुलगी कळवळली. वर दुखत नव्हते, खाली दुखत नव्हते. रुपयाएवढ्या जागेतच दुखत होते. "हे पोटरीचं नव्हे, हाडाचं आहे," त्या म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "आजी, थोडं जोरात चोळ, मग नाचता येतं." हे वाक्य ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो. डॉक्टरांनी तपासले, पहिल्या क्ष-किरण-चित्रात काही दिसले नाही, आणि अशी इजा आरंभी त्यात पुष्कळदा दिसतही नाही. एम.आर.आय.मध्ये हाडावर ताण आल्याचे स्पष्ट झाले. सहा आठवडे नाच बंद, अरंगेट्रम पुढे. मुलगी दोन दिवस जेवली नाही.

हातांची थोरवी गावी आणि यंत्राला नावे ठेवावीत, असा यावर अनेकांचा सल्ला पडला. आम्हांस तो पटला नाही. दुखणे बधिर करून नाचायला लावण्याचे काम त्या रात्री हातही करू शकले असते; मुलीची मागणी तीच होती. सरफोजी राजांनी आपल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एका छताखाली नांदविले, रोग्यांच्या नोंदी ठेवविल्या. उपाय कोणाचा, यापेक्षा रोग्याला काय होते आहे, हे तेथे आधी पाहिले जाई.

यंत्र आता घरी आले आहे: मध्यम वजनाचे, शांत आवाजाचे, मऊ डोक्याचे. हाड, सांधा आणि गळा त्यास वर्ज्य. एका स्नायूवर दोन मिनिटांहून अधिक नाही. त्याआधी मात्र तेलाचा हात एकदा पायावरून फिरतो. त्यात बळ फारसे उरलेले नाही. परंतु कोठे दुखते, हे विचारण्यास बळ लागत नाही.