श्रद्धा कशाने मुरते?

बाप्तिस्मा एका दिवसात होतो, श्रद्धा मात्र मुरायला वर्षं लागतात. हे मी शाळेत चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या कुठल्याही धड्यापेक्षा पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून शिकले.

आपल्या गिरगाव चौपाटीवर ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी शारदा सदन सुरू केलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला होता. म्हणजे तेव्हा त्यांना ख्रिस्ती होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. तरी पुढे त्यांनीच मोकळेपणाने लिहून ठेवलं की त्या काळात त्यांना ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळायचा होता. एवढ्या विदुषीने हे मान्य करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग श्रद्धा खोल गेली कशी? नुसत्या वाचनाने नाही. १८९० मध्ये सदन पुण्याला गेलं. शाळेत कोणाला धर्म शिकवायचा नाही ही अट त्यांनी पाळली, पण स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार बंद करायला त्या तयार नव्हत्या. मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये गहजब झाला. सल्लागार मंडळातली मोठी माणसं बाजूला झाली, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दार लोटून घेतलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्यांनी ते उघडंच ठेवलं.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील त्यांच्या तरुणपणी अशाच दुष्काळात गेले होते, त्यामुळे भूक म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. हाताशी पैसा पुरेसा नव्हता, तरी त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ मुलींना, विधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. आधी सोय आणि मग आज्ञापालन असा क्रम त्यांनी कधी लावला नाही.

उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत त्यांनी सबंध पवित्र शास्त्र उतरवलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, आणि १९२४ मध्ये ते भाषांतर छापून पूर्ण झालं. मला वाटतं, हीच त्यांची सर्वांत मोठी उपासना.

आज्ञापालन, त्याग आणि उपासना हे तीन वेगळे विषय नाहीत. शौल राजाने आज्ञा मोडून उत्तम मेंढरं अर्पणासाठी राखली, ती देवाला रुचली नाहीत. दाविदाने फुकट मिळत असलेली जागा आणि बैल नाकारले, मोल देऊन मगच यज्ञ केला. पालन नसेल तर अर्पण पोकळ, आणि काहीच मोजलं नसेल तर उपासना नुसती तोंडाची.

हे मोठ्यांचं झालं. आपल्यासारख्यांचं काय? माझे यजमान गेले तेव्हा कित्येक महिने मला प्रार्थनेचे शब्द सुचत नव्हते. गीत सुरू झालं की घसा दाटून यायचा. पण प्रभुभोजनाचे पेले धुऊन पुसून ठेवण्याची माझी पाळी ठरलेली होती. परळहून बस पकडून मी लवकर जायची, एकेक पेला पुसायची. मन कोरडं होतं, हात मात्र कामात होते. तेवढंच त्या दिवसांतलं माझं आज्ञापालन. शब्द परत आले, पण फार उशिरा, आणि आले ते त्या पेल्यांच्या वाटेनेच.

म्हणून तरुण मंडळी जेव्हा म्हणतात, "मन लागत नाही, मग उगीच उपासनेला कशाला यायचं?" तेव्हा मी वाद घालत नाही. एवढंच सांगते, मन लागेपर्यंत थांबू नका. चटया घाला, आजाऱ्याकडे डबा पोहोचवा, एखाद्या आजींचा हात धरून त्यांना जिना उतरवा. जे सांगितलंय त्यातलं जमेल ते आज करा. मन मागून येतं. त्याला यायला वेळ लागतो, पण येतं.